न उघडणाऱ्या फाइली

“ही बाई खोटं बोलतेय असं तुम्हाला वाटतं का?”

नाडगौडा सरांनी मला हे विचारलं, तेव्हा ती बाई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात आणि नजर टेबलावरच्या पेपरवेटवर. मला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. सर समाजकार्य विभागाचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, करड्या शिस्तीचे. त्यांच्या खोलीत मी त्याआधी पाऊलही टाकलं नव्हतं.

“मी अजून काही पाहिलेलंच नाही, सर,” मी म्हटलं.

“मग पाहा. आकडे चुकलेत की चुकवलेत, एवढंच मला सांगा.” सर चष्मा काढून डोळे चोळायला लागले. मग आमच्या दोघींपैकी कोणाकडेच न बघता म्हणाले, “पुन्हा माझ्याच हाताखाली हे व्हावं...”

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. मला त्यातला ‘पुन्हा’ कळला नाही. बाईंना कळला असावा, कारण त्यांची बोटं पर्सवर घट्ट झाली.

बाईंचं नाव शाहीन तांबोळी. अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या, चाळिशी उलटून गेलेली, घरी सासू आणि कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली. नोकरी सांभाळून त्यांनी पीएच.डी. करायला घेतली होती. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. साखर कारखाने सुरू झाले की मराठवाड्याकडून टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या मागे पाचटाच्या खोपी घालून राहतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्या सहा महिन्यांत त्यांच्या पोरांचं काय होतं, हे शाहीनताईंनी मोजलं होतं. वजनकाटा स्कूटीवर बांधून त्या तळांवर जायच्या. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, असं प्रत्येक मुलाचं वजन घेतलेलं. शेजारच्या गावांतल्या मुलांचंही घेतलेलं. प्रबंधात त्यांनी लिहिलं होतं की गावातली मुलं त्या काळात वाढतात, तळांवरची खंगतात.

तेव्हा आमच्याकडे नियम असा होता, की प्रबंध दाखल करताना सगळी माहिती विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि तिथं ते गणित पुन्हा करून बघायचं. शाहीनताईंचं गणित तिथं करून बघितलं, तर उत्तर वेगळंच आलं. तळांवरची निम्म्याहून जास्त मुलं त्यात नव्हतीच. जी होती ती गावातल्या मुलांइतकीच धडधाकट दिसत होती. बाईंच्या लॅपटॉपवर मात्र सगळी मुलं होती. कॉम्प्युटर विभागातल्या माणसानं फोल्डरमध्ये शिरून काही फाइली उघडून पाहिल्या, त्या उघडेनात. त्यानं शेरा मारला, की या फाइली रिकाम्या आहेत, संख्या फुगवण्यासाठी नुसत्या नावाला टाकलेल्या आहेत.

म्हणजे शाहीनताईंनी नसलेली मुलं कागदावर जन्माला घातली, असा त्याचा अर्थ होता.

मी त्यांना घेऊन कॉम्प्युटर विभागात गेले. वाटेत काही बोलावं म्हणून विचारलं, की तुम्ही संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर कुठं शिकलात. म्हणाल्या, “असंच, हिच्या त्याच्याकडून.” मग थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “मॅडम, माझ्या सासूबाईंना मी काय सांगू? त्यांनी पाच वर्षं घरातला स्वयंपाक केलाय माझ्यासाठी.”

मी त्यांना धीर दिला नाही. खरं सांगायचं तर तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी लिहिलेला प्रोग्राम सरळ होता. प्रत्येक वस्तीची प्रत्येक फेरीची वेगळी फाइल. प्रोग्राम एकेका फाइलीचं नाव घेणार, फाइल सापडली तर उघडून आतली मुलं यादीत घालणार, नाही सापडली तर पुढं जाणार. असं का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, “काही टोळ्या हंगाम संपायच्या आधीच निघून जातात. त्यांची दुसऱ्या फेरीची फाइलच नसते. तिथं प्रोग्राम अडकून बसू नये म्हणून.” पटण्यासारखं होतं. पण याचा दुसरा अर्थ असा, की फाइल असूनही सापडली नाही, तरी प्रोग्राम तक्रार करणार नव्हता. गुपचूप पुढं जाणार होता.

मी तो ‘पुढं जा’ काढून टाकला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर लाल ओळ आली, ही फाइल अस्तित्वात नाही. मी फोल्डर उघडून पाहिलं, तर फाइल डोळ्यांसमोर होती. क्लिक केलं, उघडेना. मीही क्षणभर त्या माणसासारखंच समजले, की फाइल बिघडलेली असावी. दुसरी घेतली, तेच. तिसरी उघडली.

मग मी उघडणाऱ्या आणि न उघडणाऱ्या अशा दोन याद्या करायला बसले. शाहीनताई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि नावं वाचून दाखवायला लागल्या. गावांच्या सगळ्या फाइली उघडत होत्या. तळांच्या बहुतेक उघडत नव्हत्या. आणि एक तळ असा निघाला, की त्याची पहिल्या फेरीची फाइल उघडत होती आणि दुसऱ्या फेरीची नाही. त्या दोन नावांत फरक एवढाच, की दुसऱ्या नावात ‘पुनर्मोजणी’ असा एक शब्द जास्त होता.

“शाहीनताई, ही नावं एवढी लांब का हो?”

“गावाला नाव असतं, मॅडम. तळाला कुठलं नाव? गावाला लागून असलेल्या काही तळांना गावाचंच नाव चालतं, तिथली पोरं अंगणवाडीत जेवतातही; बाकीचे दरवर्षी उठतात आणि बसतात. मग लिहावं लागतं, कारखान्यामागच्या ओढ्यापलीकडचा तळ, जुन्या वीटभट्टीशेजारच्या खोपी, असं. नाहीतर दुसऱ्या फेरीला मलाच सापडायचा नाही.”

मी न उघडणाऱ्या फाइलीचा सबंध पत्ता एका कोऱ्या पानावर उतरवला. कॉम्प्युटरमध्ये फाइलीचा पत्ता म्हणजे ती ज्या ज्या फोल्डरच्या पोटात आहे त्या सगळ्यांची नावं, एकापुढे एक. आधी संशोधन विभाग, मग विद्याशाखा, मग वर्ष, मग मार्गदर्शकाचं पूर्ण नाव पदव्यांसकट, मग विद्यार्थिनीचं पूर्ण नाव. त्यानंतर नियमाप्रमाणे प्रबंधाचं संपूर्ण शीर्षक. ते असं होतं: पश्चिम महाराष्ट्रातील निवडक साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रातील हंगामी स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या शून्य ते सहा वर्षे वयोगटातील बालकांच्या पोषणस्थितीचा एक तौलनिक व विश्लेषणात्मक अभ्यास. हे सगळं इंग्रजी अक्षरांत. या सगळ्याच्या शेवटी बिचाऱ्या तळाचं नाव.

मी अक्षरं मोजली. शाहीनताईंनी पुन्हा मोजली. मग उघडणाऱ्या फाइलींपैकी सगळ्यांत लांब पत्ता मोजला. त्या जातीच्या कॉम्प्युटरला साधारण दोनशे साठ अक्षरांपर्यंतचा पत्ता कळतो, हे मी कुठंतरी वाचलं होतं, पण कधी अनुभवलं नव्हतं. त्यापुढं एक जरी अक्षर गेलं, तरी फाइल जागेवर असून त्याच्या लेखी ती नसते.

“पण मग फाइली तिथं गेल्याच कशा?” शाहीनताईंनी विचारलं.

हे मी कॉम्प्युटर विभागात विचारून घेतलं. फाइली आधी एका छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये नीट उतरवल्या जात. शीर्षकाचं लांबलचक नाव त्या फोल्डरला नंतर, सगळं झाल्यावर, दिलं जाई. बाहेरच्या दाराचं नाव लांबलं आणि आतल्या खोल्या हद्दीबाहेर गेल्या.

मी त्या शीर्षकाच्या फोल्डरवर गेले, सगळं नाव खोडलं आणि त्याजागी फक्त एक अक्षर लिहिलं. प्रोग्राम चालवला. एकही लाल ओळ न येता तो शेवटापर्यंत गेला. सगळी मुलं आली. शाहीनताईंच्या प्रबंधातला तक्ता आणि पडद्यावरचा तक्ता, दशांशापर्यंत तोच.

मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा हसतील तरी. मी त्यांच्याकडे वळले, तर त्या पडद्याकडे बघतही नव्हत्या. चेहरा उतरलेला. मला वाटलं, ताण उतरल्यावर होतं तसं काही असेल. मी पाणी मागवलं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “वस्तीगणिक वेगळी फाइल करायची, नाव सविस्तर द्यायचं, नसेल तर पुढं जायचं, हे मला कोळेकरदादांनी शिकवलंय. जसंच्या तसं.”

“कोण कोळेकर?”

त्यांनी सांगितलं, तेव्हा मला सरांच्या ‘पुन्हा’चा अर्थ कळला.

हणमंत कोळेकर शाहीनताईंच्या आधी सरांकडे पीएच.डी. करत होता. आटपाडीकडच्या धनगर घरातला मुलगा, सरांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी. गावापासून लांब वस्त्यांवर राहणाऱ्या बायकांना पाणी किती लांबून आणावं लागतं आणि त्यांच्या अंगात रक्त किती असतं, हा त्याचा विषय. मोटारसायकलवरून तो वस्त्यावस्त्यांवर फिरला होता, बायकांच्या बोटातला थेंब घेऊन तपासला होता. त्याचा प्रबंध विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर तपासला, तेव्हा वस्त्यांवरच्या बायका गायब. फाइली उघडेनात. रिकाम्या फाइली टाकल्या, असाच शेरा तेव्हाही आला. सरांनी भर विभागाच्या सभेत त्याला उभं केलं आणि म्हणाले, “या मुलानं शंभरावर बायका कागदावर जन्माला घातल्या. मला तो आता माझ्या विभागात नको.” हणमंतानं अर्ज मागं घेतला आणि निघून गेला. या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

“मी त्या सभेत होते,” शाहीनताई म्हणाल्या. “दादा काहीच बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, सर, मी गेलो होतो.”

त्याचं फोल्डर अजून त्या कॉम्प्युटरवर होतं. कोणी पुसलं नव्हतं, कोणी बघितलंही नव्हतं. त्याच्या प्रबंधाचं शीर्षक शाहीनताईंच्या शीर्षकाहून लांब होतं. मी ते खोडलं, एक अक्षर ठेवलं आणि त्याचा प्रोग्राम चालवला. शाहीनताईंनी विभागाच्या कपाटातून त्याच्या प्रबंधाची धूळ बसलेली प्रत आणली. आम्ही दोघींनी तक्ते शेजारी शेजारी धरले. सगळ्या बायका होत्या. सगळ्या.

दुपारी आम्ही सरांकडे गेलो. मी आधी शाहीनताईंचं सांगितलं, कारण तेच मला विचारलेलं होतं. अक्षरांचं गणित सरांना पहिल्या फटक्यात कळलं नाही, पण आकडे खरे आहेत एवढं कळलं. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. उठून ते शाहीनताईंपाशी आले आणि म्हणाले, “माझं चुकलं, मी शंका घेतली.” एवढा मोठा माणूस इतक्या चटकन असं म्हणेल, हे मला अपेक्षित नव्हतं. पुढच्याच महिन्यात तोंडी परीक्षा लावू म्हणाले. चहा सांगायला बेल दाबणार, तेवढ्यात शाहीनताईंनी कोळेकरचं नाव काढलं.

सरांचा हात बेलवरच राहिला. ते प्रकरण मिटलेलं आहे, असं ते म्हणाले. त्यानं अर्ज स्वतःच्या सहीनं मागं घेतला होता, नियमानं आता त्याचा विद्यापीठाशी संबंध उरलेला नाही. हे सगळं ते भराभर, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत बोलले. मग आवाज खाली आणून शाहीनताईंना समजावायला लागले, की तुझं काम झालेलं आहे, जुनं उकरलं तर चौकशी लागेल, तुझंच लांबेल, घरचं सगळं बाजूला ठेवून तू इथवर आलीस.

“लांबू दे, सर,” शाहीनताई म्हणाल्या. “माझ्यावर शंका आली ती सकाळी, आणि मॅडमनी दुपारी फेडली. दादांसाठी असं कोणी बसलं नाही. माझी चूक नव्हती असं पत्र तुम्ही देणार असाल, तर त्यात त्यांचंही नाव पाहिजे. नाहीतर मला ते पत्र नको. मी अंगणवाड्या बघत होते, तशाच बघीन.”

त्या जोरात बोलल्या नाहीत. पण मला आठवतंय, पर्स त्यांनी टेबलावर ठेवली होती आणि दोन्ही हात मोकळे होते.

सर माझ्याकडे वळले. “त्याचं तुम्ही चालवून पाहिलंत?”

“हो, सर.”

“आणि?”

“त्यांनी लिहिलं होतं तेच आलं. एकही बाई कमी नाही.”

सर खुर्चीत बसले. मग ते म्हणाले, “तुम्ही या आता.” आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात शाहीनताईंनी मला विचारलं, मी जास्त बोलले का. मी नाही म्हटलं. पण माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि विद्यापीठात सरांचा शब्द चालायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गावर निघाले होते, तर सर आमच्या विभागाच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, हातात गाडीची किल्ली. म्हणाले, “कोळेकरकडे जायचंय. तुम्ही चला, मला ते कॉम्प्युटरचं नीट सांगता येणार नाही. शाहीनला मी फोन केलाय, ती नाक्यावर थांबलीय.”

सर स्वतः गाडी चालवत होते. रस्ता मोठा, दोन्ही बाजूंना ओसाड माळ आणि मध्येच डाळिंबाच्या हिरव्या बागा. पहिला तासभर सर कोळेकरबद्दलच बोलत होते, आम्हाला सांगताहेत की स्वतःलाच, ते कळत नव्हतं. पोरगं सुट्टीत त्यांच्याच घरी राहायचं. सरांच्या पत्नी त्याला जेवायला वाढताना भाकरी मोजायच्या नाहीत. त्यानं ‘हुता’ लिहिलं की सर ‘होता’ करायचे. मग त्यांनी मला अक्षरांचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवलं, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं, आणि विचारलं, “बरोबर?”

“बरोबर, सर.”

“मला तेव्हा हे विचारायचं सुचलंच नाही,” ते म्हणाले. “खोट्याची मला एवढी चीड, की ते दिसलं असं वाटलं आणि मी पुढं बघितलंच नाही.”

हणमंत डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये काम करत होता. पत्र्याची मोठी शेड, आत फळांचे ढीग, बायका रांगेत बसून फळं निवडत होत्या. तो त्यांच्या पुढं उभा राहून क्रेटवर खुणा करत होता. तिशीतला, काटक, डोक्याला टॉवेल. सरांना बघताच त्यानं टॉवेल काढला, हात पुसले आणि सवयीनं वाकायला लागला. सरांनी त्याला मध्येच धरलं.

“नको,” सर म्हणाले. “आज नको.”

शेडच्या मागं बाभळीखाली खुर्च्या टाकल्या. त्यानं पाणी आणवलं, शाहीनताईंना घरच्यांची विचारपूस केली, मी कोण ते विचारलं. सर इतका वेळ उभेच होते. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गाडीत नीट आलेलं पाठांतर इथं विसकटलं. फोल्डर आणि फाइल यांची त्यांनी अदलाबदल केली, आकडा चुकवला, मध्येच थांबले. मी बोलणार होते, पण हणमंतानं मान वर केली आणि तो मला विचारायला लागला. “म्हणजे वरचं नाव नंतर बदललं, तेव्हा आतले सगळे पत्ते लांबले?”

“हो.”

“आणि मर्यादा किती?”

“दोनशे साठच्या आसपास.”

तो मनात मोजत असावा. मग म्हणाला, “वस्त्यांची नावं मी लांब दिली होती. तेवढ्यानंच फाइली गेल्या.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गणित सुटल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलत होता. सरांना राग सोसता आला असता, असं मला तेव्हा वाटलं.

“हणमंता,” सर म्हणाले, “मी तुझ्यावर अन्याय केला. सगळ्यांसमोर केला. आता सगळ्यांसमोरच निस्तरणार आहे. तुला काय म्हणायचं ते म्हण.”

हणमंत पायाखालचा पाचोळा बुटानं सारत राहिला.

“मला तुमचा राग नाही आला, सर,” तो शेवटी म्हणाला. “तीच अडचण झाली. तुम्ही उगाच कुणाला बोलत नाही, हे मला माहीत होतं. मग मला वाटायला लागलं, मीच केलं असेल. शेवटी शेवटी कामाची घाई होती, ताप पण येत होता. मी फिरलो असं मला वाटतंय, पण कदाचित नसेन फिरलो. घरी बसून लिहिलं असेल.”

शाहीनताईंनी पदर तोंडाशी नेला.

“इकडं आल्यावर महिनाभरानं मी मोटारसायकल काढली आणि बनाच्या वरच्या अंगाला खरातांची वस्ती आहे, तिथं गेलो. बायकांना विचारलं, मी आलो होतो का.” तो कसंनुसं हसला. “त्यांना वाटलं, मला वेड लागलंय. आला होतास की, म्हणाल्या. तेव्हापासून बरं वाटतंय.”

वाऱ्यानं शेडचा पत्रा वाजत होता. सर त्याच्याकडे बघत होते, पण त्यांना तो दिसत होता की नाही कोण जाणे.

“मला तिथं घेऊन चल,” ते म्हणाले.

विद्यापीठाच्या पातळीवर पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. सरांनी कुलगुरूंना स्वतः पत्र लिहिलं, त्यात स्वतःला दोष देताना आडपडदा ठेवला नाही, आणि ते पत्र विभागाच्या सभेत उभं राहून वाचलं. चौकशी लागलीच. शाहीनताईंचं वर्षभर लांबलं. दोघांच्या तोंडी परीक्षा एकाच आठवड्यात झाल्या, आणि शाहीनताईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत जाग्या राहिल्या. शीर्षकाचं फोल्डर करायचा नियम गेला, आता नुसता क्रमांक असतो. हणमंत एका कॉलेजात शिकवतो. सर आता नाहीत. पण त्या दिवशी यातलं काहीच घडलेलं नव्हतं, आणि आम्ही चौघं डांबरी संपल्यावर गाडी ठेवून चढण चढत होतो. सरांना दम लागत होता. हणमंत एक पाऊल मागं राहून चालत होता, त्यांचा तोल गेला तर धरता यावं म्हणून.

वस्ती म्हणजे पाच-सहा घरं. मेंढरं चरायला गेलेली, त्यांना रात्री कोंडायच्या वाघरीचं जाळं भिंतीला टेकवलेलं. एका घरापुढं एक म्हातारी बाजरी पाखडत होती. हणमंतानं हाक मारली, “बायडाआज्जी.” तिनं सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांवर हात धरून बघितलं.

हणमंत बोलायला लागला, पण सरांनी त्याला थांबवलं. ते म्हातारीसमोर गेले आणि बसले, तिथंच, सारवलेल्या अंगणात, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

“मावशी,” ते म्हणाले, “हा मुलगा पाच वर्षांमागं इथं आला होता का? तुमच्या बोटातलं रक्त घ्यायला?”

म्हातारीनं हणमंताकडं बघितलं, मग सरांकडं.

“ह्येच ह्यानंबी मागं इचारलं,” ती म्हणाली. “आला हुता की. माझ्या बोटाला टोचलं, मी वराडले, तर ह्योच घाबरला. मग धा येळा म्हनला, आज्जी, दुखलं का. रगात कमी हाय म्हनून दवाखान्यातनं गोळ्याबी आणून दिल्या. अन् तुमी कोन?”

“मी याचा मास्तर.”

म्हातारीला काहीतरी जुळेना. तिनं पुन्हा एकदा दोघांकडं पाहिलं.

“मग ह्यानं तुमास्नी सांगितलं न्हवतं व्हय, आलो हुतो म्हनून?”

हणमंत दुसरीकडे बघायला लागला. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

“सांगितलं होतं, मावशी,” ते म्हणाले.